जित्या पोराला हार

३ जानेवारी
धाकट्या बहिणीचा, शिवानीचा फोन. आमच्या पेठेतल्या वाचनालयात चित्रांचं प्रदर्शन भरतंय. सगळे आपल्याच भागातले — शाळेतली पोरं, एक रिक्षावाला, एक शिंपीण. कपाटं भिंतीकडं सरकवून जागा केलीय म्हणे. आमच्या शिवानीची पण चित्रं घेतली! त्यात एक माझं. व्हिडिओ कॉलवर मला बघून बघून कोळशानं काढलंय. दाराइतकं मोठं.
म्हटलं, "माझं तोंड बघाय कोण येणार?"
"पप्पा येतील की."
मी विषयच बदलला.

५ जानेवारी
दिवसभर सोलरच्या प्लेटा बसवल्या. हे जैसलमेरकडचं रान — नुसती वाळू, आणि सकाळी थंडीनं बोल्ट हातात धरवत नाही. ठेकेदार म्हणतो ओमानला चल, तीन वर्षं. महिनाअखेर सांग.
जावं वाटतं. माझा पाय कुठं टिकलाय! पप्पांनी शब्द टाकून त्यांच्या फौंड्रीत लावलं होतं, आठवड्यात पळालो. मालकापुढं त्यांची मान खाली गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद, दोन वर्षं झाली. त्यांनी एकदा 'ये' म्हटलं तर ओमान गेलं उडत! नाही म्हटलं तर जातो. मग कशाला थांबू?

११ जानेवारी
उद्घाटन झालं. फोनवर शिवानी हसत होती का रडत होती कळेना.
आपल्याकडं कार्यक्रम कुठलाबी असू दे, आधी फोटोला हार. सरस्वतीचा फोटो मांडायचा होता, तो चित्रं लावायच्या गडबडीत कपाटामागं राहिला. पाहुणे कोण, तर ज्ञानूतात्या — पेठेतलं जुनं खोड, आणि चष्मा घरी! दारासमोर मोठं चित्र दिसलं. माझं. घातला हार! उदबत्ती ओवाळली, हात जोडले. तात्यांना कोण बोलणार? मागची सगळी लाईन फुलं वाहून गेली.
"मी काय बोलू दादा!" शिवानी म्हणाली.
पोट धरून हसलो.

१२ जानेवारी
हसू बंद. सकाळीच तालमीतल्या धैर्यशीलचा फोन — "हॅलो... कोण बोलतंय?"
"मीच की."
"आयला! जिता हायस व्हय? आणि मी हितं रडून बसलोय!" मग शिव्या. मग म्हणाला, "उद्या तालमीच्या फुटबॉल मॅचला तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं ऱ्हायाचं ठरलंतं. आता क्यान्सल करतो."
गल्लीतल्या बायका आईजवळ बसायला आल्या. आईनं त्यांना चहा पाजून हाकललं.
पण पप्पा कामावर होते; हाराचं त्यांना घरात कुणी सांगितलंच नव्हतं. फौंड्रीच्या दारात कुणीतरी गाठलं — "कृष्णात, वाचनालयात पोराच्या फोटोला हार घातलाय रं..." डबा तिथंच टाकून निघाले म्हणे. पुढचं आईला माहीत नाही. माझा नंबरही त्यांच्याकडं नाही. कधी घेतलाच नाही त्यांनी.

१३ जानेवारी
शिवानीनं सांगितलं.
पप्पा पळत वाचनालयात शिरले. चपला न काढता, काळ्या हातांनी. ती म्हणाली, "पप्पा, दादा बरा हाय! आत्ताच बोलला!" तरी ऐकेनात. हार तोडला, फुलं झाडली. "कुणी घातला रं ह्यो?"
तात्या पुढं आले. "चुकलं गड्या. चष्मा नव्हता."
पप्पा चित्राकडं वळले. चेहरा निरखला. मग शिवानीला विचारलं, "एवढा वाळलाय?"
आणि चित्रच उतरवून खांद्यावर मारलं! वाचनालयाचे सचिव मागं पळाले — "अवो, अजून प्रदर्शन संपलं न्हाय!"
"लोकं पाया पडाय लागल्यात. न्हाय ठेवत."
आता शिवानी फुगलीय. तिच्या भिंतीत मधोमध भोक पडलंय. मला म्हणते, तूच सांग त्यास्नी. मी!

१४ जानेवारी
एवढा वाळलाय? — दिवसभर तेच डोक्यात. एक बोल्ट उलटा बसवला.

१५ जानेवारी
शिवानीला म्हटलं, "पप्पांस्नी विचार, मी आलो तर चित्र परत देतील?"
तिनं विचारलं. फोन हातात घेतला नाही त्यांनी. लांबूनच ओरडले —
"येऊ दे. पर चित्र देत न्हाय म्हणावं. ह्येचा काय भरवसा!"