बागेसगट घर विकणे आहे

वसमत,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५८

रा. रा. उकंडराव यांसी,

वसमतहून संपतरावाचा मनापासून रामराम. तुमची, वैनीसाहेबांची अन् लेकरांची तब्येत बराबर असंल, तुमच्या पित्ताला हैदराबादचं पाणी मानवलं असंल, अशी आशा आहे. इकडं तुमच्या आक्काचा खोकला उतरला, माझ्या गुडघ्यांची सूज उतरली न्हाई, बाकी ठीक.

तुमचं पत्र पावलं. संक्रांतीच्या आत बागेसगट घर विका अन् तुमी दोघं हैदराबादला येऊन ऱ्हावा, मागच्या अंगाची खोली तुमचीच समजा, असं तुमी लिवलं. (त्या खोलीत कोळसा असतो, असं तुमची आक्का म्हणते. मी काही म्हणत न्हाई.) घर विकायचं ऐकून मला तर हलकंच वाटलं. लग्नात तुमचे वडील म्हणले होते, जावईबापू, चार महिने ऱ्हावा, जरा बागेकडं बघा. त्या चार महिन्यांना यंदा बावीस वर्षं झाली. तुमच्या खापरपणजोबांनी औरंगाबादेत कुठं तरी चौकोनी बाग पाहिली अन् तिथला पाथरवट गाडीत घालून आणला. आठ कोनांचा हौद, चार दगडी पाट, कारंजं, सगळं केलं अन् शंभर वर्षांच्या पानगळीचा इचार मात्र केला न्हाई. ती पानं रोज सकाळी पाटातून कोन काढतो? घरजावई काढतो. चाँद पाशा माळी हातात काठी घेऊन कडंला उभा ऱ्हातो अन् म्हणतो, “जावईसाब, कोपऱ्यात एक राहिलं.”

तर गिऱ्हाइकांचं सांगतो. पहिले हिंगोलीचे एक कापूसवाले शेट आले. सकाळच्या गाडीनं येऊन दुपारच्या गाडीनं परतणार होते. त्यांनी घर पाहिलंच न्हाई. बकुळीखाली उभं राहून वर बघत म्हणले, ह्याचं सरपण किती गाड्या निघंल? त्यांना बाग मोडून सरकी काढायचा कारखाना टाकायचा होता. आता चाँद पाशाला तुमी ओळखता. त्याला गरज असंल तेवढंच ऐकू येतं. त्यानं शेटजींचा हात धरला अन् बकुळीपासून सुरुवात केली: ही कोणाच्या बाळंतपणात लावली, हिला कीड कवा लागली, गुळाचं पाणी कोणी घातलं. बकूळ झाली, मग रामफळ, मग तिन्ही आंबे. शेटजी हात सोडवून राहिले अन् पाशा पुढच्या झाडाकडं ओढून राहिला. डाळिंबापाशी पोचले तवा गाडीची शिट्टी ऐकू आली. शेटजींचा मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी जाताना म्हणले, जागा चांगली आहे, पर त्या म्हाताऱ्याला आधी कुठं तरी पाठवा. कुठं पाठवावं, ते त्यांनी सांगितलं न्हाई.

मग परभणीचे एक मोठे सरकारी हाकीम आले. ते रसिक माणूस. त्यांचा निरोप आधीच आला, की कारंजं चालू असलेलं पाहायचं आहे. कारंजं बारा वर्षांपासून बंद. चाँद पाशा म्हणला, खापराची नळी घराखालून जाते, ती कुठं तरी फुटली असंल, नाद सोडा. मी ऐकलं न्हाई. (तुमी ‘काही करून विका’ असं लिवलं होतं, म्हणून.) दोन दिवस मोट चालवून कारंज्याला पाणी देणारा वरचा हौद भरला. साहेब दिवाणखान्यात गादीवर बसले, आक्कानं सरबत दिलं, मी बागेत जाऊन बूच काढलं. कारंज्यातून एक थेंब आला न्हाई. मी नळीला कान लावला तर पाण्याचा आवाज येऊन राहिला होता, पर दुसरीकडं जाताना. आत येऊन बघतो तर साहेब एकदम ताठ बसलेले, चेहरा गंभीर. फरशीच्या फटीतून पाणी वर येऊन बराबर त्यांच्या गादीत मुरून राहिलं होतं. एवढ्या मोठ्या माणसानं आपण ओले झालो हे कसं सांगावं? अन् आमी तरी कसं इचारावं? दोघंबी हवापाण्याबद्दल बोलत बसलो. शेवटी गादीच जागची हलली तवा ते उठले, अंगरखा मागून हातानं धरला अन् टांग्यात जाऊन बसले. आक्का म्हणली, “काहून एवढ्या घाईनं गेले?” मी तिला गादी दाखवली.

तिसऱ्या आल्या रहमतबी, नांदेडच्या वारलेल्या अत्तरवाल्यांची बेवा. त्यांनी दिवाणखान्यात पाऊलसुदीक टाकलं न्हाई. “घराला काय, भिंती असतात. गुलाबाला खत कवा दिलं?” मी म्हणलो, दसऱ्याला. पाशा माझ्या मागून म्हणला, “दसऱ्यानंतर आठ दिवसांनी.” बाईंनी माती उचलली, वास घेतला, चुरून खाली सोडली. अन् म्हणल्या, “घेते. झाड एकबी तोडणार न्हाई.” पाशानं काठी खाली ठेवली. त्यानं इचारलं, “बीबीजी, आमाला काढता काय?” त्या म्हणल्या, “तुमाला काढलं तर मी इकत काय घेतलं?” म्हातारा तिथंच हौदाच्या काठावर बसला अन् पदरानं डोळे पुसावेत तसे पागोट्याच्या शेवानं पुसू लागला. मी पानांची टोपली घेऊन बाजूला उभा होतो. मला कोणी काही इचारलं न्हाई.

तर घर विकलं गेलं. किंमत तुमी म्हणला तीच. सहीसाठी पुढच्या सोमवारच्या गाडीनं या. मी सुटलो एकदाचा. बागेकडं आता पाठ करून बसतो.

लेकरांना आशीर्वाद, वैनीसाहेबांना रामराम, अन् तुमच्या पित्ताला उतार पडो.

तुमचा,
संपतराव

ता. क. हैदराबादच्या खोलीत कोळसा ऱ्हाऊ द्या. मेव्हण्याच्या घरी घरजावई व्हायचं आता वय न्हाई, अन् आक्काचंबी मन न्हाई. रहमतबींना पाशाच्या हाताखाली एक माणूस पाहिजे आहे. ऱ्हायला विहिरीजवळच्या दोन खोल्या. मी दुसऱ्या दिवशी गाडीनं नांदेडला गेलो अन् मीच येऊ का, असं इचारलं. त्या हसल्या न्हाईत, ह्याचं बरं वाटलं. म्हणल्या, पाशाला इचारते. पाशानं सांगितलं, “पानं काढतो. छाटणी अजून बराबर येत न्हाई.” बावीस वर्षांनी ही शिफारस! तर तुमच्या सहीचं एक पत्र येताना घेऊन या, त्यात छाटणीचं जरूर लिवा.

आणखी ता. क. आक्का म्हणते, पत्रात नातं लिवू नका, मेव्हण्याची शिफारस कोन धरंल. वयबी लिवू नका. होतकरू आहे, एवढंच लिवा.