ह्यांची दिवसाची झोप

४ मार्च
कळलं एकदाचं! ह्यांच्या पायाची जखम का भरत नाही ते कळलं. बेकरीत भट्टीतला तापलेला ट्रे पोटरीवर पडला, मलमं झाली, गोळ्या झाल्या, तरी ओलीच. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्यांची झोप पुरी होत नाही. शरीर झोपेतच दुरुस्त होतं." अहो, मग आधी बोलायचं! हे कायमचे रात्रपाळीवाले, झोप दिवसाची. घरी पडले तरी शरीराला तीच सवय असणार. तर दिवसाच झोपवते की! खिडक्यांवर जाड पांघरुणं ठोकली. बेलची वायर उपटली.

५ मार्च
शेजारच्या पत्रेवाल्याला पुन्हा एकदा बजावलं — ठोकाठोक बंद. "वहिनी, पत्रा काय कानात कुजबुजून वाकवू?" म्हणाला. म्हटलं, वाकव! दुपारी गल्ली चिडीचूप. हे आत ओंडक्यासारखे. कूससुद्धा बदलली नाही. वा!

९ मार्च
जखम तशीच. मेली ढिम्म हलत नाही. "झोपतात ना नीट?" — डॉक्टरीणबाई. "दगड बरा!" म्हटलं.
त्यात बेकरीच्या मालकाचा निरोप. महिनाअखेर आले नाहीत तर भट्टीवर दुसरा माणूस घेणार.

१० मार्च
काय लिहू! नणंद आली होती. ह्यांच्या पलंगाशी बसून दोघी अगदी हळू बोलत होतो. ती मालकाच्या केसांच्या टोपाचं सांगत होती — "पीठ बसलं की म्हातारा, झटकलं की नवरदेव!" तर पलंग हलायला लागला. मला वाटलं ह्यांना थंडी भरली. झटकन पांघरूण ओढलं तर हे हसतायत! तोंडात उशी कोंबून!
"जागे आहात?"
"हो."
"कधीपासून?"
"रात्रपाळी लागली तेव्हापासून. दिवसा डुलकी लागते. झोप नाही लागत."
"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"
"तू सगळ्या गल्लीशी भांडून यायचीस. जागा आहे म्हणून कसं सांगू?"
नणंद म्हणते, "दादा, नाटकात का नाही गेलास?"
ह्यांना इतकं बोलले, इतकं बोलले! मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. दिवसभर डोळे मिटून पडायचं, कशासाठी, तर मला बरं वाटावं म्हणून!

११ मार्च
पांघरुणं उतरवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळी उन्हात बसवा, दिवसा पडू देऊ नका, रात्रीच झोपवा. ह्यांची मान कलली की मी चिमटा काढते.

१४ मार्च
घोरतात! काल जेवले नि लागले घोरायला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा नवरा घोरतो हे मला ठाऊकच नव्हतं!

२० मार्च
भरतेय! कडा गुलाबी झाल्यात. आज पट्टी कोरडी निघाली. डॉक्टरीणबाईंना मिठीच मारणार होते. पत्रेवाला दणादण ठोकतोय. ठोक बाबा, ठोक!

२७ मार्च
जखम बंद! नवी कातडी आली, पातळ, चकचकीत. मी नाचायच्या बेतात, तर हे म्हणतात, "सोमवारपासून भट्टीवर जातो." पुन्हा रात्र! पुन्हा ते पडून राहणं! डोकंच फिरलं. तडक मालकाकडे गेले. ह्यांना दिवसा काहीतरी द्या म्हटलं.
"वहिनी, भट्टी रात्रीच पेटते. दिवसा दुकानात माझा मुलगा असतो."
"मग नाही येणार ते."
"आणि खाणार काय?"
घरी येऊन धान्याचे डबे उघडून पाहिले.

२८ मार्च
रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा गेले मालकाकडे. जमलं! सोमवारपासून रात्रपाळी, पाव पिशव्यांत भरायला — मी. घरी पळतच आले. ह्यांना हलवून उठवणार होते. गाढ झोपलेत.
नाही उठवलं.