नारळासोबत आलेली पगारवाढ

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी,
कामगार आरोग्य विमा कार्यालय,
जि. गोंदिया.

विषय : पगार वाढला तरी पत्नीच्या उपचाराचे विमा कार्ड चालू ठेवणेबाबत.
संदर्भ : कार्ड बंद होणार असल्याचे आपले पत्र, दि. १ सप्टेंबर.

महोदय,

खुर्ची थोडी पुढे ओढून बसावे, ही विनंती. कीर्तनात आधी अभंग, मग कथा. अर्जात अभंगाला जागा नाही, म्हणून थेट कथाच सांगतो.

१. मी सौंदडच्या एका राईस मिलमध्ये चौदा वर्षांपासून बॉयलरवर आहे. पत्नी सावित्रीबाई हिच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. दर मंगळवारी व शुक्रवारी तिचे डायलिसिस माझ्या विमा कार्डावर फुकट होते.

२. श्रावणात गावच्या सप्ताहात मी टाळकरी होतो. काल्याच्या कीर्तनात मनिराम महाराज मायेपोटी बोलून गेले, "बायकोची सेवा पाहायची असेल तर केवळरामच्या घरी जा." मिलचे मालक केशोरावजी समोरच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच माईक घेऊन मला सुपरवायझर केले, पगार वाढवला आणि हातात नारळ दिला. मीही भारावून तो कपाळाला लावला. विमा आठवला तो घरी, नारळ फोडल्यावर.

३. नव्या पगाराने मी आपल्या विम्याच्या पगारमर्यादेच्या वर गेलो. बाहेर डायलिसिस करायचे तर महिन्याची सारी वाढ दोन खेपांतच संपते. मालकांना म्हटले, काम सुपरवायझरचे घ्या, पगार जुनाच ठेवा. ते म्हणाले, "चारचौघांत नारळ देल्लो, आता वापस घेऊ का? गाव हासल ना मले!" मुनीमजी म्हणाले, कागदावर कमी लिहू, बाकीचे हातात घे. ज्या हाताने टाळ वाजवतो त्या हाताने खोटी सही होत नाही, साहेब. आपल्या खिडकीवरचे बाबू म्हणाले, "पगार वाढला तं रडून कायले राहिले? पेढे आणा." माझ्या चार चकरा झाल्या. चारही वेळा पेढ्यांचीच गोष्ट निघाली.

४. सबब कार्ड चालू ठेवावे, नाहीतर माझी बढती थांबवण्याचे पत्र मालकांना द्यावे. सरकारचे पत्र आले तर नारळाचा मान राहील. हे दोन्ही होत नसल्यास, मी राजीनामा देऊन त्याच मिलमध्ये हमाल म्हणून लागलो तर कार्ड परत मिळेल काय, आणि मधल्या काळात किती मंगळवार-शुक्रवार जातील, हे लेखी कळवावे. माझे वय बावन्न आहे. काल पोते उचलून पाहिले. उचलवते.

५. कार्ड ३० सप्टेंबरला, मंगळवारी बंद होते. तो दिवस निभेल. पुढचा शुक्रवार ३ ऑक्टोबरचा आहे. मला विसरलात तरी चालेल, साहेब. त्या शुक्रवारी सावित्रीबाईला आठवा.

आपला नम्र अर्जदार व टाळकरी,
(सही)
केवळराम उदाराम टेंभरे
मु. सौंदड

सोबत :
विमा कार्डाची प्रत
दवाखान्याची चिठ्ठी
राजीनामा (सही केलेला, तारीख टाकलेली नाही)