कणीची मूठ

बाई, तुम्ही गेल्याला आता तीस वर्षं होऊन गेली, आणि इतक्या वर्षांनी मी तुम्हाला लिहायला बसलोय. चौथीत तुम्ही माझी वही तपासायचात तेव्हा आधी बरोबर आलेल्या उत्तरांवर बोट ठेवायचात, चुकलेल्यांकडे मग वळायचात. मला तेव्हा वाटायचं, या बाईंना चुका दिसतच नाहीत की काय! चष्मा बदला म्हणून सांगावंसं वाटायचं. पुढे मी चर्चचा पाळक झालो, आणि सावली गावाच्या पलीकडे धानाच्या बांध्यांमधल्या त्या मंडळीत माझी पहिली नेमणूक झाली. तुम्ही तिथेच, देवळाच्या मागच्या खोलीत, निवृत्त होऊन राहत होतात. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती दोन-चार वर्षं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि अक्कल सगळी माझ्याकडेच आहे अशा थाटात एस.टी.तून उतरलो होतो.

देवळाची अवस्था तुम्हाला ठाऊकच होती. छपराचे कवेलू सरकलेले, बाक वाळवीनं खाल्लेले, आणि उपासनेला जेमतेम वीस माणसं. चंद्रपूरहून वरिष्ठांचं पत्र आलं होतं: यंदाच्या कापणीपर्यंत मंडळी सावरली नाही तर देवळाला कुलूप लावू आणि लोकांनी सावलीला उपासनेला जावं. ज्यांच्या आज्यानं त्या भिंतींची माती तुडवली त्यांना हे सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी घाबरलो होतो, बाई. आणि घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं, ओरडायला लागलो. दर रविवारी उपासनेच्या शेवटी गैरहजर लोकांची नावं वाचून दाखवायला सुरुवात केली. जे आले नव्हते त्यांच्यावरचा राग, जे आले होते त्यांना ऐकावा लागायचा. तुम्ही पुढच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या असायच्यात.

मग तो मुठीचा रविवार. आपल्या बायका रोज चूल पेटवली की शिजवायच्या तांदळातली एक मूठ आधी गाडग्यात काढून ठेवायच्या आणि रविवारी ते गाडगं देवळातल्या टोपलीत रिकामं करायच्या. त्याच तांदळावर माझा संसार चालायचा, हे लिहिताना आजही मान वर होत नाही. टोलीवरच्या, गावालगतच्या त्या लहान वस्तीतल्या, मावशी आल्या, गाडगं उपडं केलं, आणि टोपलीतल्या पांढऱ्या तांदळावर कणी पडली. बारीक, करडी, कोंडा मिसळलेली कणी. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "देवाच्या टोपलीत कोंबड्यांचा दाणा टाकता काय?" कुणीतरी हसलं. मावशींनी वाकून, बोटांनी वेचून, जमेल तेवढी कणी परत गाडग्यात भरली. वेळ लागला त्याला. सगळे बघत होते. पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत, आणि त्यांच्या मागे टोलीवरची चारही घरं आली नाहीत. उरले अकराजण.

तुम्ही मला दुपारी बोलावून घेतलंत. तुमची ती काळवंडलेली चूल, सुपात तांदूळ, तुम्ही खडे निवडताय. मी बसायच्या आत तुम्ही बोलायला लागलात.

"गैरहजर कोन कोन हाये ते त तुले तोंडपाठ हाये. हाजर कोन होते, सांग मले."

मी अकरा नावं सांगितली.

"अन् त्यायले काय काय जमते?"

कोण काय करतं, कुणाच्या हाताला काय येतं, मला एकाचंही सांगता येईना.

"साहा महिने झाले तुले येऊन! त्यातला एक कवेलू असे चाळते का थेंब गळत नाई. एकजन रुसलेल्या भावाभावायले एका ताटात जेवाले बसवते. तुले मालूमच नाई. तू फक्त भोकं मोजून राह्यला, बाबू." मग सूप बाजूला ठेवून तुम्ही आवाज खाली आणलात. "अन् त्या बाईच्या घरी त्या हप्त्यात कणीच शिजली होती. जे शिजलं त्यातली मूठ तिनं देल्ली. अजून काय द्याव तिनं?"

बाई, तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. तुमचाच. पण तुम्ही सांगितलंत तसं केलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. नावं वाचणं बंद केलं. घरोघरी जाऊन बसलो आणि उपदेश न करता काम मागितलं. कवेलूवाला भाऊ छपरावर चढला. तो दुसरा, जेवायला बसवणारा, दोन रुसलेल्या घरांना घेऊन आला. आणि टोलीवरच्या मावशींबद्दल तुम्ही म्हणालात, "रोवण्यात तिच्यासारखं गानं उचलनारं कोनी नाई. देवळात तुमी पुस्तकातल्या चाली गाता, लोकायचे ओठ बी हालत नाईत. तिले बोलाव. पन पयले माफी माग, मंग गानं माग."

मी गेलो. बांधीत गुडघाभर चिखलात धानाची रोपं रोवत वीस बायका ओळीनं वाकलेल्या, मावशी ओळ उचलताहेत आणि बाकीच्या झेलताहेत. मी काठाच्या धुऱ्यावर उभा, इस्त्रीची पँट, हातात चपला. मला बघून गाणं थांबलं. बाकीच्या जणी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. मावशी तेवढ्या वाकलेल्याच राहिल्या. माफी माझ्या तोंडाशी आली होती, खरंच आली होती. पण वीस बायकांसमोर पाळकानं कसं म्हणावं? मी म्हणालो, "मावशी, उपासनेत गाणं उचलाल का?" त्यांनी वर न बघता म्हटलं, "पाहीन." बस. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "मागतली माफी?" मी म्हणालो, "मागितली." तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बरं झालं. जेवून घे."

त्या रविवारी मावशी आल्या. मागून चारही घरं. मी गीताची ओळ वाचायची, त्यांनी ती रोवण्याच्या चालीत उचलायची, आणि सगळ्या देवळानं झेलायची. कापणीच्या सणाला माणसं बाहेर गोणपाटावर बसली. चंद्रपूरचे वरिष्ठ आले, गाणं ऐकलं, पंगतीत दोनदा भात मागितला आणि कुलपाचा विषय न काढता परत गेले. नाव मात्र माझं झालं. मग जिवतीच्या डोंगरात, भामरागडकडे, जिथे जिथे मंडळी थकली तिथे मला पाठवायला लागले. मी शिबिरं घेतो, सांगतो की गेलेल्यांना मोजू नका, असलेल्यांना ओळखा. लोक माना डोलावतात. आणि दर शिबिरात मी ही गोष्ट सांगतो, त्यात चिखलात उतरून माफी मागणारा तरुण पाळकही असतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, बाई. माझेही येतात, हा त्यातला सगळ्यात निर्लज्ज भाग.

गेल्या महिन्यात मावशींकडे गेलो होतो. फार थकल्यात, मोतीबिंदूनं दिसत नाही, आवाजावरून ओळखलं. बोलता बोलता म्हणाल्या, "बाई आल्ती ना त्या शनिवारी. काठी टेकत, धुऱ्याधुऱ्यानं. दोनदा पडली म्हने, लुगडं सारं चिखलानं भरलं होतं. मले म्हने, पोराची जीभ जड हाये, त्याच्या वाटची माफी मले मागू दे. अन् माह्या पायाले हात लावाले वाकली! म्हून आली मी देवळात. तुह्यासाठी नाई आली." आणि हसल्या. "तुले सांगतलंच असन तिनं."

मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं."

चहा आला, तो प्यालो. त्या समोर होत्या, हाताच्या अंतरावर, आणि बघणारं कुणीही नव्हतं. तरी माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. उठलो आणि गाडी धरली.

तुम्हाला सगळं माहीत होतं. पुढे जितकी वर्षं तुम्ही होतात, तितकी वर्षं मला जेवायला वाढताना तुम्हाला माहीत होतं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. ज्यांच्यापर्यंत पोचवता येईल त्या मावशींना वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं. त्यांना तोंडानंच सांगावं लागेल. उद्या जातो, असं शेवटी लिहायचं मनात होतं. पण तुम्हाला एकदा खोटं सांगून झालंय, म्हणून लिहीत नाही.