मन्नतीचा बोकड

गुरुवार, ९ जानेवारी

मुलगी झाली! ताहेरा सुखरूप, बाळ सुखरूप! लेकीच्या मागच्या दोन खेपा वाया गेलेल्या, त्या आठवून दवाखान्याच्या बाकावर मी दुआ मागत बसले होते. आणि मग बाळ रडलं. काय तो आवाज! "आजीवर गेलीय," हे म्हणाले. म्हणू देत! आज मला दवाखान्यातला चहासुद्धा गोड लागला.

शुक्रवार, १० जानेवारी

ह्यांना सांगून टाकलं. ताहेराला आत नेलं तेव्हा मी मन्नत मागितली होती — पोर आणि बाळ धड बाहेर आली तर आपला नवाब अल्लाहच्या नावाने कापून गोरगरिबांना वाटीन. सगळाच्या सगळा!

ह्यांचा चेहरा बघवेना. नवाब म्हणजे आमचा बोकड. एवढासा असताना हे त्याला हिर्डोशीहून पिशवीत घालून घेऊन आले. रोज स्वतःच्या हाताने पाला खाऊ घालतात. माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलतात!

"शिरवळच्या व्याह्यांना शब्द दिलाय मी. नातवंड झालं की घरचा बोकड खिलवीन म्हणून. मला विचारायचं तरी!"

कधी विचारणार? अल्लाहशी बोलत होते, मध्येच ह्यांना फोन लावू?

सोमवार, १३ जानेवारी

अबोला. मीठसुद्धा नजरेने मागतात.

मंगळवार, १४ जानेवारी

शेजारच्या ठकुबाई तिळगूळ घेऊन आल्या. एकट्या राहतात, चार घरची धुणीभांडी करतात. ताहेरा लहानपणी आमच्या घरात कमी आणि त्यांच्या ओट्यावर जास्त असायची.

"घ्या, आन ग्वाड बोला," ठकुबाई ह्यांना म्हणाल्या. हे बोलले की! भरपूर बोलले, पण ठकुबाईंशी. मी तिथेच उभी.

बुधवार, १५ जानेवारी

शेवटी दोघे मौलानासाहेबांकडे गेलो. हे पुढे, मी मागे, मध्ये अबोला.

ह्यांनी विचारलं, त्याच बोकडात पाहुण्यांचं जेवण आणि बाळ जन्मल्याची कुर्बानी, म्हणजे अकीका, दोन्ही उरकता येईल का? मौलानासाहेब हसले. म्हणाले, पाहुण्याला खिलवायला जनावर कापणं चांगलंच. नाव अल्लाहचं घ्यायचं, पाहुण्याच्या नावाने रक्त सांडायचं नाही, एवढंच. अकीकाही चांगला, पण तो वेगळा, ऐपत होईल तेव्हा करा. मन्नतीचा बोकड मात्र गरिबांचा. मागणाऱ्याने खायचा नाही, तिच्या नवऱ्याने नाही, मुलांनी नाही, खात्यापित्या पाहुण्यांनीही नाही.

"एक बोटीसुद्धा नाही?" ह्यांनी विचारलं.

"बोटीसुद्धा नाही."

परतताना मला ह्यांची फार दया आली. व्याही शुक्रवारी जेवायला येतायत. घरच्या बोकडाचं कौतुक शिरवळभर करून झालंय, आणि ताटात डाळ!

शुक्रवार, १७ जानेवारी

लिहिताना हात थांबत नाही!

सकाळी ह्यांनीच नवाबला पाणी पाजलं, पाला दिला, बिस्मिल्लाह म्हणून स्वतः सुरी चालवली. नंतर तोंड धुवायला गेले ते बराच वेळ धूतच राहिले. मी दारोदार वाटे पोचवले. ठकुबाईंनाही दिला. घरात नखाएवढा तुकडा ठेवला नाही.

दुपारी व्याही-विहीण आले, बाळासाठी दुआ करायला मौलानासाहेबही आले. दस्तरखान पसरला. डाळ, भात, अंड्याचं कालवण. हे मान वर करीनात. व्याही बिचारे "वा, डाळ छान" म्हणतायत!

तेवढ्यात ठकुबाई दारात. हातात फडक्याने धरलेलं पातेलं. झाकण काढलं आणि घरभर वास! पातळ रस्सा, फोडी मोजक्या, वर लाल तर्री.

"पावनं आलं म्हनून आनलं. माज्या बाळातिनीला आदी वाडा."

हा तर नवाब! घेऊ तर मन्नत मोडते, परत करू तर ठकुबाईंचं मन मोडतं. तशीच पळीसकट उभी.

मौलानासाहेब म्हणाले, "घ्या. नबींच्या घरी असंच घडलं होतं. नबींना सदका, म्हणजे दान, खाणं वर्ज्य. गरीब बरीराबीबींना सदक्यात मांस मिळालं, त्यांनी ते नबींच्या घरी दिलं. नबी म्हणाले, तिच्यासाठी तो सदका, आपल्यासाठी भेट. तुम्ही दिलंत तेव्हाच ते ठकुबाईंचं झालं. आज यजमान त्या, आपण सगळे पाहुणे."

आठवडाभरानंतर हे माझ्याशी पहिल्यांदा बोलले — "जमिला, वाढ की!"

मी वाढलं. हसत हसत, डोळे पुसत. ताहेराने तर वाटी बोटाने पुसून खाल्ली.

शनिवार, १८ जानेवारी

पातेलं परत द्यायला गेले. रिकामं कसं द्यायचं, म्हणून शेवया घातल्या होत्या. ठकुबाईंनी मला जवळ बसवलं.

"कुनाला सांगू नगंस. तू दवाखान्यात व्हतीस तवा म्या बी हितं नवस बोलून बसले व्हते, पोरीची धड सुटका झाली तर तिच्या समद्या घराला मटनाचं जेवान घालीन. घरात कांदा न्हाई आन बोलनं येवडं! फेडू कशानं, ह्या इचारानं झोप न्हाई बग. आन काल सकाळी दार उगडलं, तर तू हुबी, मटनाची पिशवी घिऊन."