घरात दूध असून

९ फेब्रुवारी, रविवार
आईचा फोन. कानाला लावला न् नुसता जाळ! "तुझ्या बायकोला काळीज हाय का नाय रे? जावंचं लेकरू वरडून वरडून निळं पडलं अन् ही पाठ फिरवून बसली!"

तनुजा वहिनीचे बाळंतपणाचे टाके पिकले. ताप उतरंना म्हणून दादानं तिला सिल्लोडला भरती केलं. पोरगं घरी, सोयगावात. आमची पोरगी त्याच्याहून थोडीच मोठी. म्हणून आई त्याला उचलून अपेक्षाच्या मांडीवर टाकती. आमच्यात तसंच चालतं. आई आजारी पडली तवा मला काकूनंच पाजलंय. त्यात कुणी कुणाला विचारत बी नाय.

अपेक्षा म्हणली, मला दूध पुरत नाय. अन् तवाच तिचं पोलकं भिजलेलं! आईनं बघितलं. दादानं बी.

मी आईला म्हणलो, कंपनीत हाय, नंतर बोलतो. कंपनीत नव्हतो. शहरातल्या खोलीवर होतो.

१० फेब्रुवारी
सांगावं कुणाला? खोलीत आम्ही तिघं. दोघं बिहारचे— येतात, भात टाकतात, झोपतात. चांगली पोरं हायत. पण हे काय त्यांना सांगायचं?

पोटात पोरगी असताना तपासणीत अपेक्षाला एचआयव्ही निघाला. माझं रक्त चांगलं निघालं. परत तपासलं, परत चांगलं. तिला कुठून झाला ते मी विचारलं नाय. विचारून रक्त बदलतं व्हय? घरी कुणाला माहीत नाय. गोळी रोज घेती, आईला वाटतं रक्तवाढीची हाय.

नर्सबाईंनी आम्हाला दोघांना बसवून सांगितलं होतं. गोळी चुकवायची नाही. बाळाला औषध पाजायचं. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध— वरचं दूध नको, पाणी नको, गुटी नको. नायतर मग पहिल्यापासून निव्वळ डब्याचं. दोन्हीची मिसळ करायची नाही. अपेक्षानं अंगावरचं धरलं. आमच्याकडं चार दिसाआड नळाला पाणी, डब्याचं कसं झेपावं? आईला गुटी उगाळू दिली नाय, तवापासूनच आई तिच्यावर फुगलेली.

अन् बाई म्हणल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या बाळाला पाजायचं नाही. त्याला आपल्या बाळासारखं औषध चालू नसतं. मी हसलो होतो. म्हणलो, दुसऱ्याचं कशाला पाजंल ती!

११ फेब्रुवारी
अपेक्षाचा फोन. हळू बोलत होती. न्हाणीत होती.

"छाती दगड झालीय. पिळून मोरीत टाकते. तिकडं ते पोरगं रडतंय. मला ऐकू येतंय हो सगळं."

"मी सांगू का आईला?"

"नको! तुम्हाला माझी शपथ. कडूबाईच्या सुनेला हेच निघालं, तर काय केलं गावानं? आधी ताट वेगळं, मग खोली वेगळी, मग एसटीत बसवून दिली. मी पोरीला घेऊन कुठं जाऊ? माझी आई बी नाय आता."

ती म्हणली, ठेवते. कुणीतरी दार वाजवत होतं.

१२ फेब्रुवारी
कामात ध्यान नाय. दोन पेट्या उलट्या भरल्या. साहेब म्हणले, "गोकुळ, गावाला जायचं असलं तर जा बाबा, पण माझा माल नीट भर."
कुठं जाऊ? जाऊन काय बोलू?
सुट्टी झाल्यावर चालत सुटलो. चिकलठाण्याहून पार हर्सूलचं तळं! का गेलो माहीत नाय. काठावर बायका पोरं घेऊन बसलेल्या. एक तर माझ्यासमोरच पदर घेऊन पाजायला बसली. मी उठलो, परत निघालो.

१३ फेब्रुवारी
दादाचा फोन. दादा कधी रागवत नाय. आज रागवला बी नाय, तेच वाईट.
"गोकुळ्या, डबा आणला, पोरगं ओकतंय. घरात दूध असून मी दारोदार बकरीचं दूध मागत हिंडतोय. काय वाकडं केलं रे मी तुझं?"
"दादा, तसं नाय—"
"मग कसं हाय?"
वहिनीचा ताप उतरला का, विचारलं.
दादा म्हणला, "आई म्हणती, अपेक्षा झोपली की तिच्या छातीला लावते पोराला. लेकराला काय कळतं कुणाचं दूध ते."

जेवणाचा डबा बाजूला ठेवला. अपेक्षाला फोन लावला. म्हणलो, झोपू नको.
ती म्हणली, "कधीपर्यंत?"

१४ फेब्रुवारी
सुट्टी टाकली. आईला फोन लावला. आधी विचारलं, पोराला लावलं का? नाय लावलं.
मग सांगितलं. एचआयव्ही हाय. मला हाय. शहरात आल्यावर झाला, माझ्यामुळं तिला लागला, तिचा काय दोष नाय.
पोरगं रडत होतं मागं. मग आई म्हणली, "सून माझ्यापाशी राहील. पोरगी बी. तू मातर या घरात पाय टाकू नको."
बरं, म्हणलो.