ओठांतल्या टाचण्या

प्रिय धाकट्या,

काल तुझ्या बायकोचा फोन आला. ओकाऱ्या थांबल्या, पण तोंडात काही नसताना तू चघळत असतोस, ओठ आपोआप हलतात, म्हणाली. मी दिलेल्या त्या पोटाच्या गोळ्या आजच बंद करून डॉक्टरांकडे जायला मी सांगितलं, तर ताईला लागू पडल्या म्हणून तू हटून बसलास म्हणे! म्हणून हे पत्र. पुरतं वाच आणि तडक नीघ.

साखर आपल्या दोघांनाही बाबांकडून मिळाली, पण पोट आधी माझं संपावर गेलं. सकाळचं अन्न संध्याकाळी जसंच्या तसं बाहेर. इन्सुलिन वेळेवर टोचायचे, पण अन्न पुढे सरकेल तर ना! मग साखर धाडकन खाली, आणि मी कात्री हातात धरून घामाघूम. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची गोळी दिली आणि आठवड्यात मी माणसात आले. झालं, मी घरातली अर्धी डॉक्टर! तुझ्याकडे आले तेव्हा पर्समधल्या चार पट्ट्या तुझ्या हातावर ठेवल्या. विचारलंही नाही कुणाला.

पुढचं तुला ठाऊक नाही. तीस वर्षं मी ओठांत टाचण्या धरून कपडे बेतते, एकही कधी पडली नाही. वकीलबाईंच्या कोटाची बाही बसवताना पाचही टपाटप खाली. वाटलं, वय झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, म्हणून आरशात पाहिलं, तर ओठ आपले नाचतायत. डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे थांबवली. हा त्या औषधाचाच परिणाम, लवकर आलात हे बरं, दुर्लक्ष केलं तर कायमचं मागे लागू शकतं, असं म्हणाले. मग दुसरं औषध हृदयाला सोसेल ना, हे ईसीजी काढून पाहिलं आणि ते दिलं. आता ओठही स्थिर आहेत आणि पोटही ताळ्यावर आहे. तुझंही येईल, खात्री आहे माझी.

पण धाकट्या, याला तीन आठवडे झाले. त्याच दिवशी तुला फोन करायला हवा होता. शहाणपण अंगाशी आलं हे धाकट्या भावाला कोणत्या तोंडाने सांगू, या लाजेपायी मी गप्प बसले, आणि तू माझ्या शब्दावर रोज त्या गोळ्या गिळत राहिलास. चूक माझी आहे. कुणी दिल्या असं डॉक्टरांनी विचारलं तर बेधडक माझं नाव सांग. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी तुझे ओठ तुझ्या ताब्यात येऊ देत.

तुझीच, चुकलेली,
ताई